वेषांतर जमलं, पण क्रियापदं फितूर झाली!

वेलांटी
मंडळी, एका अद्भुतकादंबरीचा आराखडा तयार आहे आणि गाडी पहिल्याच वाक्यात अडली आहे.
जग कल्पित, पण माती दख्खनची: डोंगरी किल्ले, घाटवाटा, पागा. नायिका तेरा वर्षांची. राजाच्या पागेत फक्त मुलगे घेतात, म्हणून ती मुलगा होऊन मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या, हाताखाली कामाला लागते. पागेतल्या घोड्यांसमोर कुणी खोटं बोललं की ते बिथरतात, म्हणून राजा न्यायनिवाडेही पागेतच करतो. जादू एवढीच, बाकी सगळी लीद आणि वैरण.
निवेदन प्रथमपुरुषी ठेवायचं आहे आणि तिसरं प्रकरण संपेपर्यंत 'मी' मुलगी आहे हे वाचकालाही कळू द्यायचं नाही. इंग्रजीत 'आय'वर भागतं. मराठीत पहिलंच वाक्य 'मी पागेच्या दाराशी उभा राहिलो' की 'उभी राहिले'? एकात वाचकाशी खोटं, दुसऱ्यात गुपित फुटलं.
तर प्रश्न दोन. हे मराठीत जमतं का? आणि वेषांतर पटावं म्हणून कोणकोणते तपशील सांभाळायला हवेत? मुंडासं बांधलं की सगळे फसले, असं नको आहे.

उंटावरचा_शहाणा
'आम्ही' लिहा. 'आम्ही पागेच्या दाराशी उभे राहिलो.' प्रश्न मिटला, मानधन पाठवून द्या.

अनुस्वार
@उंटावरचा_शहाणा, अर्धंच मिटलं. 'आम्ही आलो', 'आम्ही निघालो' ही रूपं बायका-पुरुषांना एकच, हे खरं. पण 'उभे' हे विशेषण आहे, ते बदलतं. बायका 'आम्ही उभ्या राहिलो' म्हणतात. शिवाय लीद उचलणारं पोर स्वतःला 'आम्ही' म्हणालं, तर मोतद्दार पहिल्याच दिवशी कानाखाली काढेल.

मुपो_कागल
एवढा कुटाणा कशाला? पोरगी आमच्याकडची घ्या. कागल, गडहिंग्लज, कोल्हापूर, कुठलीबी. बोलाय लागल्यापासनं 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' असंच म्हणती. विषय हार्ड. धागा बंद करा.

वेलांटी
😀 कागलकर, नोंद घेतली.

बारगीर
धागालेखिकाबाई, तुमचा पेच तुम्ही सांगताय त्यापेक्षा मोठा आहे. घोड्यांसमोर खोटं चालत नाही म्हणता आणि पोरगी दिवसभर घोड्यांतच वावरणार. तिनं पहिल्यांदा 'मी पाणी घेऊन आलो' म्हटलं की अख्खी पागा अगाडी-पिछाडीचे दोर तोडून पळेल. कादंबरी पान दोनवर समाप्त.

वेलांटी
अरे देवा. हे डोक्यातच आलं नव्हतं.

अनुस्वार
आता बरं झालं की! पेच दोन होते, त्यांचा एक झाला. लोकांसमोर तिला स्त्रीलिंगी बोलता येत नाही, घोड्यांसमोर पुल्लिंगी बोलता येत नाही. म्हणजे तिला अशीच वाक्यं बोलावी लागतील ज्यांत लिंग दिसतच नाही. निवेदनालाही नेमकी तीच हवी आहेत. आणि मराठीत ती वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत:

भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे. येईन, करीन, सांगेन. हिंदीत 'जाऊँगा-जाऊँगी' करावं लागतं, आपण सुटलो. 'येणार आहे'सुद्धा चालतं.
वर्तमानात 'येतो-येते' आणि 'येतोय-येतेय' अडतात, पण 'येत आहे' आणि 'येत नाही' मोकळे. म्हणजे नकार देणं सोपं, होकार देणं अवघड. पात्र आपोआप हट्टी वाटेल, तेही बरंच.
'मला' हा सगळ्यात मोठा आधार. मला भूक लागली, मला जायचंय, मला पोहता येतं, मला माहीत नाही. कर्ता बाजूला सरकतो आणि लिंगही.
सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघतं. मी पाणी आणलं, भाकरी खाल्ली, घोडा बांधला. हे कुणीही म्हणावं.
'मी काय करावं?', 'मी येऊ का?', 'मी जायला हवं' हे सगळं सुरक्षित. जुन्या वळणाचं 'मी जाई', 'मी जात असे' हेही.
विशेषणांत तयार, उपाशी, आजारी, लहान चालतील. एकटा, मोठा, ओला, उभा चालणार नाहीत.

आता खड्डे. अकर्मक भूतकाळ सगळा धोक्याचा: आलो, पडलो, झोपलो, दमलो, होतो, नव्हतो. सकर्मक असूनही दगा देणारी काही आहेत, ती पाठ करून ठेवा: म्हणणे, बोलणे, विसरणे, शिकणे, पिणे, जेवणे, भेटणे, जिंकणे, हरणे. 'मी भाकरी खाल्ली' चालेल, 'मी पाणी प्यायलो' नाही. 'शकलो' आणि 'लागलो' ही सहायकं तर घरभेदी. 'मी ते उचलू शकलो नाही' अडतं, 'मला ते उचलता आलं नाही' चालतं.

पाटीपेन्सिल
अनुस्वार यांना दंडवत. पण मी म्हणते, प्रथमपुरुषाचा हट्टच का? तृतीयपुरुषात 'ते पोर' लिहा. 'ते पोर दाराशी आलं. त्यानं आत पाहिलं. त्याला कुणी हटकलं नाही.' नपुंसकलिंगाची 'त्यानं, त्याला, त्याचं' ही रूपं पुल्लिंगासारखीच असल्यानं वाचक आपोआप मुलगा धरून चालतो. निवेदकानं मात्र एक अक्षर खोटं सांगितलेलं नसतं.

अनुस्वार
ही युक्ती भारी आहे. मर्यादा एकच, वय. तेराव्या वर्षी 'ते पोर' गोड वाटतं. सोळाव्या वर्षी हातात भाला घेतलेल्या बारगिराला 'ते पोर' म्हटलं की निवेदक त्याचा मामा वाटायला लागतो.

उंटावरचा_शहाणा
'ती व्यक्ती' लिहा. पुरुष असला तरी व्यक्ती स्त्रीलिंगीच. कुणाच्या बापाला कळणार नाही.

पाटीपेन्सिल
'ती व्यक्ती लीद उचलू लागली.' पोलीस ठाण्यातला जबाब वाटेल.

नाटकवाली
दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ? वेशभूषा हा माझा प्रांत.

केसांपासून सुरुवात. परक्या कादंबऱ्यांत नायिका कात्रीनं वेणी कापते आणि प्रकरण संपतं. दख्खनी मुलगा म्हणजे डोक्याचा गोटा आणि शेंडी, किंवा मुंडाशाखाली बांधलेले केस. नुसते खांद्यापर्यंत कापलेले केस म्हणजे ना धड मुलगी, ना धड मुलगा. सगळं गाव वळून बघेल. हिचं डोकं आधीच भादरलेलं असेल तर? ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत बालविधवेचं केशवपन व्हायचं. म्हणजे जिला समाजानंच गोटा करून विधवेच्या लाल अलवणात बसवलंय, तिला मुलगा व्हायला अलवण टाकून बाराबंदी चढवणं एवढंच बाकी राहतं. घरातून पळण्याचं कारणही वेगळं शोधावं लागत नाही. शेंडी तेवढी वाढवावी लागेल; तोवर मुंडासं उतरायचं नाही.

नाक. हा तपशील सगळे विसरतात. तेरा वर्षांच्या मुलीचं नाक टोचलेलं असणार आणि ते भोक बुजलं तरी व्रण राहतो. पण उपाय परंपरेतच आहे. आधीची मुलं दगावली असतील तर नंतर झालेल्या मुलाचं नाक टोचायचे, दृष्ट लागू नये म्हणून. नथू हे नाव त्यातूनच आलं. धोंडू, दगडू, केरबा ही त्याच गोतातली. तेव्हा नायिकेचं नाव नथू ठेवा, नाकाचा खुलासा नावातच होतो.

गोंदण मात्र जीवघेणं. हातावर देवाचं नाव असेल तर ठीक, पुरुषही गोंदवतात. कपाळावर किंवा हनुवटीवर ठिपका असेल तर वेषांतर विसरा. मनगटावर बांगड्यांच्या जागी फिकट पट्टा असतो, तो उन्हात काही आठवड्यांत जातो. तोवर बाही खाली. पायाच्या बोटांवरचे जोडव्यांचे वळ तसेच.

कपडा बाराबंदी. छातीवर कापडाचे दोन पदर एकावर एक येतात आणि बंदांनी आवळले जातात, त्यामुळे आतला आकार मोडतो. खाली चोळणा, वर शेला. आत बांधायला जुनेराचा सुती पट्टा, वीतभर रुंद, पाच हात लांब. पाच हात म्हणजे साडेसात फूट. या वयाच्या मुलीला जेमतेम तीन वेढे. नवं कोरं कापड नको, ते काचतं आणि त्याचा आवाजही होतो.

डॉ_खोकला
पट्ट्याबद्दल थोडं. कादंबऱ्यांत नायिका तो बांधून झोपते, पोहते, आठ कोस धावते. असं होत नाही. आवळलेल्या छातीला खोल श्वास घेता येत नाही. धाप लागली की ती भरून निघत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. बरगड्या दुखतात, काखेखाली कातडी सोलवटते. आज असे कपडे वापरणाऱ्यांना सात-आठ तासांच्या वर वापरू नका, झोपताना काढा, असंच सांगतात. म्हणजे रात्री तिला तो सैल करायला आडोसा हवा आणि पहाटे इतरांच्या आधी उठून परत बांधायला हवा. तुमच्या दिनक्रमात ही दोन कामं रोज आली पाहिजेत.

वय तुम्ही नेमकं निवडलंय. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या. त्यामुळे बारा-तेराची मुलगी त्याच वयाच्या मुलांहून उंच निघू शकते. आवाजही त्या वयात संशयाचा नसतो. खरी अडचण पुढे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी बरोबरच्यांना मिसरूड फुटतं, आवाज घोगरा होतो, कंठमणी दिसायला लागतो, आणि नथू आहे तसाच. कादंबरीचा काळ दोन वर्षांच्या वर ताणणार असाल तर वय एखाद्या वर्षानं कमी सांगून ठेवा.

पाळीचं काय करणार आहात? अर्धवट पोट आणि अंगमेहनत यांनी पाळी लांबते, कधी काही महिने बंदही होते. पण नायिकेनं त्यावर विसंबून राहावं इतकी ती भरवशाची गोष्ट नाही.

बारगीर
@डॉ_खोकला, त्याला पागा बरी. घोड्याच्या पाठीला खोगीर लागतं, खूर फुटतो, साळोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, रक्त काढतो. रक्ताच्या चिंध्या धुऊन वाळत टाकणं हे मोतद्दाराच्या पोराचं रोजचंच काम. त्यांत चार जास्त असल्या तर कोण मोजतंय?

उंटावरचा_शहाणा
आणि ते… उभ्यानं करायचं काय? नेहमीचा प्रश्न.

बारगीर
तो विजार घालणाऱ्या गोऱ्या शिपायांचा प्रश्न आहे. आपल्याकडे पुरुष बसूनच करत. जानवेवाले कानाला जानवं लावून, बाकीचे तसेच. नथू थोडा लांब जाऊन बसला, तर लाजाळू आहे म्हणतील.
आपल्याकडची अडचण वेगळीच आहे, उघडं अंग. नदीवर आंघोळ लंगोटीवर, उन्हाळ्यात कामही उघड्यानं. म्हणून नायिकेला तालमीच्या आसपासही फिरकू देऊ नका; लांग-लंगोटाच्या जागी कुठलंच वेषांतर टिकत नाही. जासूद, हुजऱ्या, कारकुनाचा उमेदवार, मोतद्दाराचं पोर, ही कामं अंगभर कपड्यांत होतात. तुमची निवड बरोबर आहे.
जबाब-नोंदीचा एक प्रसंग मात्र घाला. मुघल फौजेत 'दाग' आणि 'चेहरा' अशी पद्धत होती. घोड्याला डाग द्यायचा आणि माणसाचं वर्णन लिहून घ्यायचं: रंग, तीळ, व्रण, दाढी-मिशी. तुमच्या कारकुनानं 'नाक टोचलेलं' असं लिहिलं आणि लेखणी क्षणभर तशीच धरून ठेवली, तर तेवढ्यावर एक पान निभेल.

नाटकवाली
बोलण्यातले बारकावेही. 'अय्या', 'इश्श', 'नको बाई', 'मेलं ते' हे तोंडून गेलं की संपलं. क्रियापद माणूस विचार करून बोलतो, उद्गार विचारल्याशिवाय बाहेर पडतो. 'आई गं' सुरक्षित, ते सगळेच म्हणतात. दोन-चार शिव्या तिनं आधी शिकून घ्याव्यात, आणि त्या योग्य जागी द्यायलाही. नवशिक्याची शिवी लगेच ओळखू येते, ती नको तिथे ठसक्यात येते.

पाटीपेन्सिल
बसण्याची परीक्षा? 'हकलबरी फिन'मध्ये (१८८४) मुलीच्या वेशातल्या हकच्या मांडीवर शिशाचा गोळा टाकतात. मुलगी झेलायला गुडघे फाकवते, हा मिटतो आणि पकडला जातो. इथे उलट वापरता येईल.

नाटकवाली
परकरातल्या मुलीला लागू होईल, कारण तिला ओटी धरायची सवय असते. काष्ट्याचं लुगडं नेसणारी असेल तर नाही. काष्ट्यात मांडीवर झोळी होतच नाही, ती मुलासारखीच गुडघे मिटेल. तेव्हा आधी ती काय नेसत होती ते ठरवा आणि मगच तिच्या मांडीवर काहीतरी टाका.

दप्तरखाना
हे गुपित प्रत्यक्षात कशानं फुटत आलंय, ते बघितलं तर कथानकाला मदत होईल. चार उदाहरणं:

हॅना स्नेल. इंग्रज, जेम्स ग्रे या नावानं आरमारी शिपाई झाली आणि १७४८ च्या पाँडिचेरीच्या वेढ्यात होती. १७५० मध्ये छापलेल्या तिच्या कहाणीत जांघेतल्या जखमेवर फौजेच्या सर्जनकडे न जाता एका स्थानिक बाईची मदत घेतल्याचं आहे. म्हणजे गोळीपेक्षा सर्जन धोक्याचा.
डेबोरा सॅम्पसन, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली. लढाईत नाही, १७८३ मध्ये फिलाडेल्फियात तापानं बेशुद्ध पडल्यावर डॉक्टरला कळलं.
जान बारे. वनस्पतितज्ज्ञ कॉमर्सनची मदतनीस म्हणून पुरुषवेशात फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिलच्या जहाजांवर जगप्रवासाला निघाली. बूगँव्हिलच्या सांगण्यानुसार १७६८ मध्ये ताहितीच्या लोकांनी तिला ओळखलं. जहाजावरच्यांना खात्रीनं कळत नव्हतं ते त्यांना पाहताक्षणी कळलं. आपल्या कुंपणांवरची बोगनवेल त्याच सफरीत ब्राझीलमध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागली.
नादेझ्दा दुरोवा. १८०६ मध्ये नदीकाठी बायकी कपडे टाकून, बुडाल्याचा देखावा करून, स्वतःच्या घोड्यावर बसून रशियन घोडदळात गेली. फुटलं ते वडिलांना लिहिलेल्या पत्रामुळे. झारनं बोलावून घेतलं, आणि शिक्षा न देता अलेक्सांद्रोव हे नाव दिलं.

म्हणजे वैद्य, ताप, परका माणूस आणि घरी पाठवलेलं पत्र. वाऱ्यानं मुंडासं उडून केस मोकळे होणं यात कुठेच नाही. ते कृपा करून लिहू नका.

अनुस्वार
दुरोवाचं उदाहरण इथे चपखल आहे. रशियनमध्येही भूतकाळी क्रियापदाला लिंग असतं. लोकांशी बोलताना ती पुल्लिंगी रूपं वापरी. १८३६ मध्ये छापायला लागलेल्या आठवणी मात्र तिनं स्त्रीलिंगात लिहिल्या. वेलांटींचा पेच तिनं असा सोडवला होता.

तिसरी_बाजू
'सोडवला' म्हणणं घाईचं होईल. दुरोवा फौज सोडल्यावरही शेवटपर्यंत पुरुषी वेशात राहिली, अलेक्सांद्रोव म्हणूनच सही करत राहिली. सगळे इथे धरून चाललेत की आत 'खरी मुलगी' आहे आणि वर 'खोटा मुलगा'. दोन वर्षं नथू म्हणून जगल्यावर तिला 'मी आलो' हेच आपलं वाटायला लागलं तर? तेव्हा ते खोटं की खरं? तुमच्याकडे तर खोटं ओळखणारे घोडे आहेत. एवढं साधन हातात असून ते फक्त भांडाफोड करायला वापरणार?

बारगीर
आधी नियम पक्का करा. मोतद्दार तिला 'ए पोरा' म्हणतो तेव्हा घोडे का बिथरत नाहीत? कारण त्याला ते खरंच वाटतं. म्हणजे खोटं म्हणजे चुकीचं नव्हे, माहीत असून केलेलं. तसं असेल तर तिसरी_बाजू यांचा प्रश्न नियमात बसतो. बोलणाऱ्याला काय खरं वाटतं, तेवढंच घोडा बघतो.

दप्तरखाना
शिखंडीची कथा याच वाटेनं जाते. उद्योगपर्वात द्रुपद मुलगी झालेली असताना मुलगा झाला असं जाहीर करतो आणि तसंच वाढवतो. लपतं कुठवर? लग्नापर्यंत. दशार्णाच्या राजाची मुलगी सून म्हणून येते, तिला कळतं, तिच्या बापाचा निरोप येतो आणि युद्धाची वेळ येते. मग शिखंडिनी अरण्यात जाते आणि स्थूणाकर्ण यक्ष आपलं पुरुषत्व तिला उसनं देतो. म्हणजे वेषांतर संपून रूपांतर सुरू होतं. मुलगा म्हणून वाढवायचं तर मुंज आणि लग्न हे दोन पहारे ओलांडावेच लागतात, हे तुमच्या आराखड्यात कुठे आहे?

वेलांटी
पागेतल्या अनाथ पोराची मुंज कोण करतंय! लग्नाचं मात्र बघावं लागेल, मोतद्दाराला एक मुलगी आहे.

उंटावरचा_शहाणा
आता रंग भरला.

पाटीपेन्सिल
अवांतर: 'रिटर्न ऑफ द किंग'मध्ये (१९५५) एओविन पुरुषवेशात लढते आणि 'कुणा मॅनच्या हातून मरणार नाही' असं भाकीत असलेल्याला मारते. हे मराठीत कसं आणायचं? 'पुरुष' लिहिलं की वाचकाला आधीच कळतं, 'मनुष्य' लिहिलं की बाईसुद्धा त्यात येते.

अनुस्वार
'माणूस' लिहा. बोलण्यात पुष्कळदा माणूस म्हणजे पुरुषच. लगेच कुणीतरी 'बाईमाणूस' हा शब्द आणून भांडेल, पण भाकितं भांडणापुरती सैल असावीतच. आपल्याला हे नवं नाही. पुरुषाच्या हातून मरण नको असा वर मागून महिषासुरानं बाईला मोजलंच नव्हतं.

वेलांटी
मूळ मुद्द्यावर येते. वरचं सगळं वाचून पहिला परिच्छेद लिहिलाय. हाणा:

'पहाटे जाग आली तेव्हा पागेत अंधार होता. घोंगडी बाजूला केली, मुंडासं चाचपलं. गाठ जागेवर होती. विहिरीवरून पाणी आणलं. आधी पाणी, मग चंदी, हे पहिल्याच दिवशी शिकलो. काळ्या घोडीला खरारा केला, शेपूट विंचरलं. तिनं मान वळवून पाहिलं तशी मी मागे सरकलो. "नाव काय रे तुझं?" मागून मोतद्दारानं विचारलं. "नथू म्हणतात मला," मी म्हणालो. घोडीचे कान हलले नाहीत.'

अनुस्वार
तीन सापडले. 'शिकलो' ऐवजी 'पहिल्याच दिवशी कानावर पडलं होतं'. 'सरकलो' ऐवजी 'माझं पाऊल मागे पडलं'. 'म्हणालो' ऐवजी 'मी सांगितलं'. आणि 'नथू म्हणतात मला' हे झकास! 'माझं नाव नथू' खोटं झालं असतं. म्हणतात, हे तर खरंच आहे.

दप्तरखाना
नरो वा कुंजरो वा! धर्मराजाचा रथ त्यावर चार बोटं खाली आला होता. घोडी तेवढी कडक दिसत नाही.

पाटीपेन्सिल
एक कान टोचते. केली, चाचपलं, आणलं, केला, विंचरलं. सलग पाच वाक्यं 'मी' गाळून आली की पंचनामा होतो. तिसऱ्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी हलू द्या. घोडी, कंदील, दाराबाहेरचं कुत्रं. नाहीतर काहीतरी लपवलं जातंय हे वाचकाला व्याकरणावरूनच कळेल.

डॉ_खोकला
आणि पट्टा? पहाटे उठल्यावर तो आवळायचा राहिला. थेट नाव घेता येत नसेल तर 'श्वास आखूड झाला' एवढं लिहा. पहिल्या वाचनात थंडी वाटेल, दुसऱ्या वाचनात कळेल.

वेलांटी
सगळं मान्य. हा नवा, शेवट जरा पुढे नेलाय:

'पहाटे जाग आली तेव्हा पागेत अंधार होता. घोंगडीखालीच सगळं आवरलं, मग श्वास आखूड झाला, नेहमीसारखा. मुंडासं चाचपलं. दाराशी कुत्रं एकदा गुरगुरलं आणि परत वेटोळं करून पडलं. काळी घोडी जागीच होती. तिला चंदीच्या दाण्यांचा तोबरा बांधला, खरारा हातात घेतला. तिची कातडी माझ्या हाताखाली थरथरली. "नाव काय रे तुझं?" मागे मोतद्दार. "नथू म्हणतात मला." घोडीचे कान हलले नाहीत. "आणि इतक्या पहाटे काय करतोस इथं?" उत्तर सुचेना. घागर उचलून तिच्या तोंडाशी धरली. ती पाणी पीत राहिली आणि ती पिते आहे तोवर मी थांबलो.'

अनुस्वार
शेवटचा शब्द! 'थांबलो'. इतकं करून दारातच घसरलात.

वेलांटी
तो मुद्दाम ठेवलाय. घोडी बिथरली का, बघा.

मुपो_कागल
बिथरंल कशाला? पोरगी आमच्याकडचीच निघाली. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

अनुस्वार
@मुपो_कागल, खरं सांगायचं तर तुमचा तोडगा तेव्हा हसण्यावारी गेला, ते चुकलंच. कानडीत पहिल्या पुरुषी क्रियापदात लिंग दिसतच नाही. 'नानु बंदे' म्हणजे आलो आणि आलेही. त्या शेजाराचा परिणाम म्हणून तिकडच्या बायकांचं 'आलो' मानलं जातं. तिच्या तोंडी ते खोटं नाहीच. पुण्याकडचा वाचक फसेल, कोल्हापूरचा नाही. मात्र मग पागेत तिकडचा दुसरा कुणी नसावा, नाहीतर त्याला पहिल्या वाक्याला शंका येईल.

मुपो_कागल
आमच्याकडचा असला तर त्याला कशाची शंका येतीया? पोरंबी तसंच बोलत्यात, पोरीबी तसंच बोलत्यात.

तिसरी_बाजू
किंवा ती कागलची नाही, आणि तरीही घोडी बिथरली नाही. मला हा अर्थ जास्त आवडेल.

वेलांटी
दोन्ही शक्य राहतील असंच लिहिते आहे. गावाचं नाव सातव्या प्रकरणापर्यंत येत नाही.

बारगीर
ते सगळं राहू द्या. तोबरा तोंडाला बांधलेला असताना घोडी पाणी पिणार कशी? आधी पाणी, मग चंदी, हे तुम्हीच वर लिहिलंय.